कणगीचं बूड

ता. १६ नोव्हेंबर १९७६, मंगळवार

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली. सहामाहीचे पेपर हातात दिले. माझी नात उषी गणितात गेली. बाकी सगळ्यात पास, भूगोलात तर वर्गात दुसरी. पण गणित...

दत्तू मागावरच्या पाळीवरून आला, डबा खाली ठेवायच्या आत पोरीनं पेपर पुढं केला. माझा लेक तापट नाही, पण दमून आला की तोंड सुटतं. म्हणाला, "आई, वार्षिकला अशीच उडाली तर नववीतच बास. शेजारच्या लक्ष्मव्वापाशी बसून विड्या वळू दे." सुमन भाकरीचं पीठ मळत होती, ती मळतच राहिली. सुनेचं माझ्या असंच, राग आला की पीठ लोण्यासारखं होतं.

मी म्हटलं, "दत्तू, तू चौथीला दोनदा बसलास ते मी इसरले न्हाय." मग गप अंघोळीला गेला.

दाढ ठणकते. लवंग धरली आहे.

ता. १८ नोव्हें., गुरुवार

ही पानं उषीच्या सातवीच्या वहीतली, कोरी राहिली होती. ती म्हणते, लिहिताना आहे लिहायचं, बोलताना हाय चालतं. बरं बाई. मी मोडनिंबला दुसरी शिकले, तीही पावसाळा सोडून, शाळा गळायची.

आज तिला धरून बसवलं. म्हटलं, दाखव कुठं पाय घसरला ते. म्हणाली, "पृष्ठफळ." म्हणजे काय? म्हणाली, "तेच तर कळंना."

गणित असं होतं: दंडगोलाच्या आकाराची एक बंद कणगी आहे. व्यास एवढा, उंची एवढी. तिचं एकूण पृष्ठफळ काढा. दंडगोल म्हणजे पिंप असतं तसा आकार. उषीनं कणगीचं बाहेरचं कडं काढलं, मग आतलं कडं काढलं, मग आतलं बूड काढलं आणि तिन्हींची बेरीज. सरांनी त्यावर तांबडी रेघ मारली, वरपासून खालपर्यंत, आणि शेजारी विळ्याएवढं प्रश्नचिन्ह.

"असं का गं केलंस?"

"तुमी तसंच सारवता की, आज्जी! बाहेरनं, मग वाकून आतनं, मग आतलं बूड. तोंड उघडंच. आन् खालनं विटांवर ठेवलेली, तितं कोण शेण लावतंय?"

बरोबर आहे की पोरीचं! जन्मभर मी तशीच सारवते. माझ्या आईनं तशीच सारवली. आणि बंद कणगी म्हणजे काय म्हणते मी? मग जोंधळं घालायचं कुठनं? उंदरानं सुद्धा शिरायचं कुठनं?

उद्या शाळेत जाणार. सुमन म्हणाली, "आत्या, नगा जाऊ, हसतील." हसू दे.

ता. १९ नोव्हें., शुक्रवार

गेले होते. ठेवणीतलं इरकली नेसून. डोक्यावरचा पदर सारखा घसरत होता, नवं लुगडं असंच दगा देतं.

गणिताचे शेखसर. मी समजले होते दांडगा असेल, तर बारीक अंगाचा, चष्म्याला दोरा बांधलेला. त्यांनी उठून स्वतःची खुर्ची दिली. मग भांडायला जरा जड गेलं, पण भांडले.

"सर, कणगी कधी बघितलीय का?"

"बघितलीय की. आजोळ वेळापूर आमचं. लपाछपीत कणगीतच लपायचो."

"तोंडातनंच शिरत असचाल की आत?"

असे हसले की चष्मा दोऱ्यावर लोंबला. म्हणाले, "आजी, पुस्तकात बंद डबा होता. म्हटलं मुलींच्या घरातलं काहीतरी घालावं, म्हणून डबा काढून कणगी ठेवली. झाकण तसंच राहिलं." मग पेपर माझ्याकडं सरकवला आणि बोट ठेवलं. "पण बंद लिहिलंय ना? तुमच्या नातीनं कणगी वाचली आणि तिला घरातली कणगी दिसली. पुढचं वाचलंच नाही. घरातली वेगळी, कागदावरची वेगळी."

"बरं. पर आतनं? आतनं न्हाय का लावायचं?"

"कागदावरच्या कणगीला जाडी नसते, आजी. नुसती साल असते. पृष्ठफळ म्हणजे त्या सालीचं माप."

मार्क वाढवले नाहीत. मी एकदाच मागितले.

येताना नव्या पेठेतून चालत आले. पाय दुखले पण मन असं हलकं झालं. कणगीच्या बाबतीत मी बरोबर, प्रश्नाच्या बाबतीत सर बरोबर. दोघंही बरोबर असलेलं भांडण पहिल्यांदाच केलं. मालक असते तर सांगितलं असतं.

उषीला म्हटलं, चूक माझ्या सारवण्यातनं आलीय, तर निस्तरू पण दोघी. तू मला शिकव. मला कळलं तर तुला कळलंच समज.

"तुमाला कळंल, आज्जी?"

"न कळायला काय झालं! नांगर चालवला न्हाय, बाकी सगळं केलंय."

ता. २४ नोव्हें., बुधवार

उ. मला शिकवते. रागावते पण! आज म्हणाली, "लक्ष कुटं हाय तुमचं?" हुबेहूब सुमन.

तिच्या डोक्यात दोन फळांचा गुंता आहे. घनफळ आणि पृष्ठफळ. एकाच्या जागी दुसरं घालते. तिनं वहीत दोन्ही सूत्रं काढून दाखवली, मला दोन्ही सारखीच दिसली, मुंग्या सांडल्यासारखी. मी म्हटलं, ते राहू दे. त्या कोपऱ्यातल्या कणगीचं सांग. हिच्यात जोंधळं किती मावतील ते काढायचं झालं तर कुठलं फळ?

"घनफळ."

"आन् हिला शेण किती लागंल?"

तोंड उघडंच राहिलं पोरीचं. मग हळूच म्हणाली, "पृष्ठफळ."

पोटात मावतं ते घनफळ. अंगाला लागतं ते पृष्ठफळ. तिनं वहीत लिहून घेतलं. मीही इथं लिहिलं.

वांगी महाग झाली आहेत. तरी आणली, भरली केली.

ता. ५ डिसेंबर, रविवार

दत्तूच्या चपलांचं खोकं उषीनं कडा कापून जमिनीवर उलगडलं. उभं होतं ते आडवं पसरलं, भिंती चार, तळ एक, झाकण एक. म्हणाली, आता सपाट झालं, आता लांबी रुंदी मोजा की झालं! मी म्हटलं, एवढंच? म्हणाली, एवढंच. मला हसूच आलं. एवढ्याशा गोष्टीला केवढं जड नाव ठेवलंय.

पण गोल वस्तूचं काय, हे विचारल्यावर तिनं सुतळी आणवली. तांब्याच्या तोंडाभोवती सुतळी फिरवली, तेवढी कापली, मग तीच सुतळी तोंडावर आडवी मोजली. तीन वेळा बसली आणि जरासा तुकडा उरला. बरं, म्हटलं, हा तांब्या तसा असेल. मग परातीला लावली. तीनदा, आणि तुकडा. तव्याला. तीनदा, आणि तुकडा. माझी बांगडी काढली, तिलाही तेच! परातीचा तुकडा मोठा, बांगडीचा नखाएवढा, पण ज्याच्या त्याच्या अंगाच्या मानानं तेवढाच.

मला काही चैन पडेना. जात्याला लावली, पाटीला लावली, सुमननं टाकलेल्या भाकरीला लावायला गेले तर ओरडली, "आत्या, भाकरी तरी सोडा!" भाकरीवर सुतळी दोनदा बसली आणि मग तव्यावर जळाली. पण तेच आलं असतं. मी पैजेवर सांगते.

उ. म्हणते, त्या आकड्याला बावीस सप्तमांश म्हणतात. म्हणू देत. माझ्यासाठी तीन आणि तुकडा.

इतकी वर्षं बांगड्या घातल्या, कुणी सांगितलं नाही.

ता. १२ डिसें., रविवार

उषी रुसली. दंडगोलाचं कडं उलगडलं की आयत होतं असं पुस्तकात आहे, ते तिच्या मनाला पटेना. "गोल गोष्ट चौकोनी कशी हुईल?" पुस्तक मिटलं आणि तडक शेजारी लक्ष्मव्वाच्या ओट्यावर जाऊन बसली. "मला विड्या शिकवा, शेवटी तेच करायचंय." मी मागोमाग.

लक्ष्मव्वा माझ्याहून धाकटी, मला अक्का म्हणते. घरात तेलुगू, ओट्यावर मराठी. सूप मांडीवर, पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, कात्रीनं कापायचं, तंबाखू, वळलं, दोरा, टाकली. बोलते माझ्याशी, बोटं आपली चालूच.

"नक्को गं बाळा," ती उषीला म्हणाली. "हे बोटं बघ. अंगठा लावायला गेलं तर बोटाचा ठसा पण नाही उमटणार. तू शाळेत जा." उषी हट्टानं बसून राहिली. तेव्हा लक्ष्मव्वानं एक बिघडलेली विडी उचलली, दोरा सोडला, पान उलगडलं आणि उषीच्या तळहातावर ठेवलं. तिच्या मनात एवढंच की बघ, ही वळायला किती कष्ट.

उषी मात्र पानाकडं बघतच राहिली. कापलेलं सपाट पान. चौकोनी. क्षणभरापूर्वी गोल होतं.

"आज्जी! हे आयतच की!"

पान जरा एका बाजूला निमुळतं असतं, विडीचं टोक बारीक म्हणून, पण ते सोडा. गोल गोष्ट चौकोनी झाली, बघता बघता. ती पळत घरात. लक्ष्मव्वा मला विचारते, "काय झालं अक्का, पोरीला?" म्हटलं, गणित झालं. ती म्हणाली, "अय्यो, विडीत गणित असतंय व्हय? मग मी आत्तापर्यंत मास्तर व्हायला पायजे होतं."

बसून चहा प्यायलो. बशीतनं.

ता. १३ जानेवारी १९७७, गुरुवार. भोगी

बाजरीची भाकरी, लोणी, लेकुरवाळी भाजी. उद्या संक्रांत.

आज लाडवांची गंमत. तिळाचे लाडू वळून खोबऱ्याच्या किसात घोळवायचे ठरवलं. मोठे वळले होते. मग मनात आलं, गड्ड्याच्या जत्रेला पोरं येतील, शेजारचे येतील, बारके करावेत म्हणजे पुरतील. मोडले आणि बारके वळले. गूळ तोच, तीळ तेच. आणि खोबरं मधेच संपलं! सुमन म्हणाली, "आत्या, वाटी भरून ठेवलं होतं, खाल्लंत का काय?" सासूवर चोरीचा आळ. मी म्हटलं, उषे, ये हिकडं, न्याय कर.

उषीनं एक लाडू घेतला, मधून फोडला. म्हणाली, "बघा आई, आधी ह्याला बाहेरनंच खोबरं लागत होतं. आता फोडल्यावर आतली बाजू पण बाहेर आली की. तिला पण लागणार." सुमननं फोडलेला लाडू हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला. पोट तेवढंच, अंग वाढलं.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पुस्तकातही नाही म्हणाली. आपलं आपण बोलली.

 मी तिच्या हातावर दोन लाडू ठेवले. बिनखोबऱ्याचे.

ता. २३ जाने., रविवार

संत्र्याचं आज. गोलाचं पृष्ठफळ शिकवायला घेतलं सरांनी. गोलाला कडा नाही, शिवण नाही, उलगडायचा कुठनं? मी म्हटलं हे काही आपल्याला जमणार नाही. (असं मी म्हणत नाही सहसा.)

सरांनी वर्गात सांगितलेलं उषीनं घरी करून दाखवलं. संत्रं आडवं कापलं, एक अर्धा भाग जमिनीवर पालथा ठेवून खडूनं भोवती रेघ मारली. असे चार गोल शेजारी शेजारी. मग संत्र्याची सगळी साल बारीक बारीक तोडून गोलांत भरायची, दाटीनं, फट न ठेवता. मी रांगोळी भरल्यासारखी भरत गेले. पहिला भरला. दुसरा भरला. तिसरा. मला वाटलं संपणार आता. चौथा भरला आणि साल संपली! ना उरली ना कमी पडली. म्हणजे एखादा तुकडा जास्त झाला, तो नातीनं खाल्ला, कडू तोंड केलं.

चार. प्रत्येक गोल वस्तूच्या अंगावर तिच्याच मधल्या चकतीएवढ्या चार चकत्या असतात. मी विचारलं, "चंद्राला पण?" म्हणाली, "व्हय." "कलिंगडाला?" "व्हय आज्जी, सगळ्याला."

सुमन दारात उभी होती. "आत्या, तिला सूत्रं पाठ करू द्या. तुमचं संत्रं-बिंत्रं परीक्षेत न्हाय विचारत." बोलली ते काही खोटं नाही, पण तेव्हा राग आला.

ता. ९ फेब्रुवारी, बुधवार

चाचणी झाली, पेपर मिळाला. गणितात परत गेली.

सोडवलेलं सगळं बरोबर. पण निम्माच पेपर सोडवला. प्रत्येक गणिताला चित्र काढत बसली, उलगडत बसली, घंटा झाली. शे. सरांनी खाली लिहिलंय: समजलं आहे. वेग नाही.

दत्तू म्हणाला, "समजून काय करायचंय आई? मागावर मला समजतंय, पर कापडाचं थान वेळेत उतरलं न्हाय तर मुकादम समजून घेत न्हाय." हेही खरं. आज सगळे खरंच बोलतात आणि मलाच ऐकावं लागतं.

सुमनला म्हटलं, तू म्हणत होतीस पाठांतराचं, तुझं बरोबर. ती म्हणाली, "असू द्या आत्या." पण रात्रीच्या पिठलं-भाकरीत माझ्या ताटात तूप जास्त होतं.

ता. २० फेब्रु., रविवार

नवी रीत काढली. संध्याकाळी भाकरी मी करते, सुमनला सुट्टी. उषी चुलीपुढं वही घेऊन. भाकरी थापायला घेतली की मी गणित वाचून दाखवायचं (आधी लिहून ठेवलेलं असतं, अडखळत वाचते), भाकरी तव्यावर पडून, पाणी फिरवून, उलटून, चुलीच्या तोंडाशी टेकवून टम्म फुगायच्या आत उत्तर.

पहिल्या दिवशी सगळ्या भाकरी फुगल्या आणि उत्तर एक नाही. आता दोन फुगतात तोवर एक येतं. सूत्रं ती पिठाच्या हातानं भिंतीवर लिहिते, सुमन पुसते, ती परत लिहिते.

शेवटची भाकरी मुद्दाम जाड केली. ते कळलं तिला. "आज्जी, लबाडी नगा करू. परीक्षेत कोण जाड भाकरी करतंय?"

ता. १० मार्च, गुरुवार

मतदानाच्या गाड्या भोंगे लावून गल्लीतनं फिरतात, दिवसभर. पोरीनं कानात कापूस घालून अभ्यास केला. नळाला पाणी नाही.

दत्तूचं सांगायचं राहिलं. परवा जेवताना, इकडंतिकडं बघत, म्हणाला, "उषे, कारखान्यात पाण्याचं पिंप हाय. झाकण नसलेलं. बाहेरनं रंग द्यायचाय. उंची माझ्या छातीएवढी." आणि हातानं रुंदी दाखवली. उषीनं घास तोंडात तसाच ठेवून विचारलं, "बूड धरायचं का?"

दत्तू अडकला. "बूड? बुडाचं मला काय म्हायती."

"मग सांगता येत न्हाय, आबा. आधी इचारून या."

दत्तूनं मान खाली घालून जेवण संपवलं. मला वाटलं रागावला. पण हात धुताना हसत होता, मी बघितलं. आणि काल खरंच विचारून आला. "बूड न्हाय धरायचं, खाली चौथरा हाय." उषीनं भाकरी फुगायच्या आत उत्तर दिलं. त्याला ते बरोबर का चूक काहीच कळलं नाही, तरी म्हणाला, "बरोबर हाय."

विड्यांचा विषय काढला नाही. पण मागेही घेतला नाही. शब्दाचा पक्का आहे, बापावर गेलाय.

ता. १२ एप्रिल, मंगळवार

आज वार्षिकचा गणिताचा पेपर. सकाळी दही-साखर दिली हातावर. जाताना पाया पडली, मी म्हटलं, आधी काय विचारलंय ते बघायचं, घरातलं सगळं घरात ठेवून जायचं. कणगी पण.

ऊन असं की फरशीवर पाय ठरत नाही.

संध्याकाळी. आली. पेपर पुरा सोडवला! चपला काढायच्या आधी ते सांगितलं. मग पाणी प्याली, मग बसली, मग तोंड उतरलं.

बीजगणितात दोन गणितं चुकली, ती तिची तिलाच माहीत. म्हणजे सगळं येऊन टेकलं शेवटच्या मोठ्या गणितावर. ते धरलं तर काठावर पास, नाही धरलं तर गेली. आणि ते गणित कसलं, तर टाकीचं. दंडगोलाकृती, वरून उघडी, तिला आतून व बाहेरून रंग द्यायचा आहे.

मी तर टाळीच वाजवली. "अगं, ही तर आपली कणगी! बाहेरचं कडं, आतलं कडं, आतलं बूड! सहामाहीला लिहिलंस तेच लिहायचं होतं की!"

"मी चार धरले, आज्जी."

"चार?"

"बाहेरचं कडं, आतलं कडं, आतलं बूड. आन् बाहेरनं बूड."

मी डोक्याला हात लावला. म्हटलं, अगं, टाकी जमिनीवर असणार. खालच्या अंगाला रंग कोण देतंय? ती म्हणाली, वर्गातली पहिल्या नंबराची पोरगी पण तेच म्हणाली, तिनं तीनच धरले. निम्म्या पोरी तीनवाल्या, निम्म्या चारवाल्या, फाटकात भांडण झालं. शे. सर सायकल काढत होते, सगळ्यांनी घेराव घातला. ते नुसते हसले, म्हणाले, निकालाला कळेल.

"मग तू चार का धरलेस?"

"चौथऱ्यावर हाय असं कुटं लिहिलंय? जमिनीवर हाय असं पण न्हाय लिहिलं. आतून व बाहेरून लिहिलंय. बूड बाहेरच हाय की."

"पर रंग देणाऱ्याचा हात पोचणार कसा बुडाखाली?"

माझ्याकडं असं बघितलं तिनं, जसं मी तिच्याकडं बघते ती मीठ विसरली की.

"आज्जी, रंग देताना टाकी आडवी पाडतात की!"

  खोलीच्या कोपऱ्यात कणगी उभी, विटांवर. जन्मभर सारवली, आडवी पाडायचं माझ्या मनात आलं नव्हतं कधी.

ता. १३ एप्रिल, बुधवार

सुमन तीनवाली. दत्तू म्हणतो, "मला इचारू नगा, मी एकदा बुडाचं इचारून आलोय." लक्ष्मव्वाला दोन्ही बाजू समजावून सांगितल्या, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अक्का, पोरगी चार म्हणते तर चार."

मी चारवाली. सकाळपर्यंत तीनवाली होते.

दत्तूला सरळ विचारलं, निकाल उलटा लागला तर काय? म्हणाला, "निकाल लागू तर दे, आई." एवढंच. नोव्हेंबरात एवढंही म्हणाला नव्हता.

ता. १७ एप्रिल, रविवार

मोडनिंबहून भावानं शाळूची पोती पाठवली, दाणा कसा टपोरा, मोत्यासारखा. कणगी सारवायला घेतली. लक्ष्मव्वाच्या शेळीनं शेणात पाय घातला, तिला हाकललं. उषी मदतीला.

बाहेरनं सारवलं. वाकून आतनं सारवलं, कंबर बोलली. आतलं बूड सारवलं. मग उषी हात धुवायला निघाली तर म्हटलं, थांब. धर हिकडनं. आडवी करू.

दोघींनी मिळून विटांवरून उतरवली आणि आडवी पाडली. बुडाची बाहेरची बाजू मी आज पहिल्यांदा बघितली. बुरडानं तिथं मधोमध चांदणी विणली आहे! सहा पाकळ्यांची, कामट्या खालीवर घेऊन, इतकी नेटकी. विटांखाली, अंधारात, कुणी बघणार नव्हतं अशा जागी. उषी बोट फिरवत राहिली तिच्यावरनं.

"आज्जी, ही झाकंल की सारवल्यावर."

"झाकू दे. तू धरलंयस न्हवं बूड? मग सारवलं पायजे."

हात जड झाला, पण सारवलं. तिनं एक पाकळी सारवली, मी बाकीच्या.

दत्तू दुपारी आला, दारातच थांबला. "हे काय, कणगी मोडली का?"

"मोडली न्हाय. खालनं ओली हाय."

तो तिच्याभोवती फिरला, वाकला, बुडाकडं बघितलं, मग लेकीकडं.  बाहेर ठेवलेलं पोतं ऊन लागत होतं म्हणून भिंतीकडं ओढलं.

निकाल एक तारखेला. कणगी अजून आडवीच आहे. बूड वाळल्याशिवाय उभी करता येत नाही.